टीम बिल्डिंगसाठी काय करावं, म्हणजे लोक शिव्या घालणार नाहीत?

लिमलेट (३ जुलै)

नमस्कार मंडळी,

मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत एचआर बघते. एचआर म्हणजे मी एकटीच. पगारपत्रक, कँटीनची कुपनं, लॉकरच्या हरवलेल्या किल्ल्या, सगळं माझ्याच टेबलावर. परवा साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, "या महिन्यात ते टीम बिल्डिंग करून टाका." पेस्ट कंट्रोल करून टाका म्हणावं तसं.

माणसं ५८. ऑफिसात २२, बाकी शॉपवर, म्हणजे कारखान्यात मशिनवर. सगळ्यात लहान ट्रेनी २१ वर्षांचा, सगळ्यात थोरले ५७ चे. बायका अकरा. एकाला पायाचा त्रास आहे, एकीला सातवा महिना चालू आहे. बजेट माणशी ९०० रुपये, जेवण धरून. वेळ अर्धा दिवस. आणि जुलै आहे, त्यामुळे पाऊस गृहीत.

गेल्या वर्षी पानशेतच्या बाजूला एका रिसॉर्टवर गेलो होतो. कानाला माइक लावलेला एक मुलगा "एनर्जी कुठाय, एनर्जी?" असं ओरडत होता. त्याने 'डोळे मिटून मागे पडा, सहकारी झेलतील' हा खेळ घेतला. आमच्या स्टोअरच्या काकांना झेलायला मागे चौघे उभे होते. प्रत्येकाला वाटलं बाकीचे तिघे झेलतील. काका नंतर पंधरा दिवस कमरेला पट्टा लावून कामावर येत होते. परतीच्या बसमध्ये पुढे ऑफिस, मागे शॉप. जाताना बसले होते तस्सेच.

तर यंदा काय करू? तुमच्याकडे काय झालं, काय फसलं, सगळं सांगा.

आगाऊ_कार्टा

पगारवाढ. पुढचा प्रश्न?

लिमलेट

पहिला प्रतिसाद हाच येणार यावर मी स्वतःशीच पैज लावली होती. जिंकले.

गोधडी

जेवण झकास ठेव. लोकांना खेळ आठवत नाहीत, गुलाबजाम संपले होते हे मात्र दहा वर्षं आठवतं.

अर्धाकप

मी हिंजवडीत. दर तिमाहीला असलं काहीतरी असतं, त्यामुळे या विषयातला जखमी सैनिक म्हणून बोलतोय.

बंद खोलीत, पावसात, फुकटात होणारा एक खेळ आहे. चौघाचौघांचे गट. प्रत्येक गटाला स्पगेटीच्या २० कच्च्या काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा आणि एक मार्शमेलो. १८ मिनिटांत जास्तीत जास्त उंच मनोरा उभा करायचा आणि मार्शमेलो टोकावर बसला पाहिजे. पीटर स्किलमन नावाच्या डिझायनरने हा काढला आणि टॉम वुजेकच्या २०१० च्या भाषणामुळे जगभर पसरला. यातली गंमत अशी की बिझनेस स्कूलचे पदवीधर यात बालवाडीतल्या पोरांपेक्षा मागे पडतात. मोठी माणसं आधी साहेब कोण ते ठरवतात, मग आराखडा काढतात, मग बांधतात आणि शेवटच्या मिनिटाला मार्शमेलो ठेवतात. सगळं धाडकन खाली. पोरं पहिल्यापासून मार्शमेलो टोचून बघतात, पडलं की पुन्हा बांधतात.

आमच्या ॲडमिनला स्पगेटी काही मिळाली नाही. मग त्याने खराट्याच्या काड्या आणि सुतळी आणली, आणि मार्शमेलोच्या जागी राजगिऱ्याचा लाडू. तो इतका हलका की सगळ्यांचे मनोरे उभे राहिले. दुसऱ्या फेरीला बेसनाचा लाडू आणला. एकही टिकला नाही. तिसऱ्या फेरीला लाडू शिल्लक नव्हते.

गोधडी

बघ. म्हटलं होतं ना, जेवणच.

मावळती

थोडा विरोधी सूर लावते, राग मानू नये.

'मजेदार उपक्रम' ठरवणारे बहुतेक वेळा पस्तिशीचे, धडधाकट, घरी कुणीतरी मुलं सांभाळतंय असे पुरुष असतात. माझ्या आधीच्या नोकरीत शनिवारी सकाळी सहाला बस निघायची आणि रात्री दहाला परत. वॉटर पार्क. पन्नास सहकाऱ्यांसमोर ओल्या कपड्यांत फिरायचं, कपडे बदलायला एक खोली, तिची कडी तुटलेली. नाही म्हटलं तर "टीम प्लेअर नाही" हा शिक्का. त्या शनिवारची बदली सुट्टी? नाव काढू नका.

फ्रान्समध्ये हे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. कंपनीच्या 'मजेदार' संस्कृतीत, म्हणजे दारू आणि आचरट खेळांत भाग घेत नाही म्हणून एकाला काढलं होतं. २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की असं काढता येणार नाही. मजा न करण्याचाही माणसाला हक्क आहे.

लिमलेट, माझ्या अटी तीनच. कामाच्या वेळेत ठेव. 'नको' म्हणणाऱ्याला कारण विचारू नकोस. आणि जागा ठरवण्याआधी तिथलं बायकांचं स्वच्छतागृह स्वतः जाऊन बघून ये.

चिंचबोर

मावळती, तिन्ही अटींना अनुमोदन. तिसरी तर सोन्याने मढवून ठेवावी अशी.

आगाऊ_कार्टा

मजा न करण्याचा हक्क मला घरीही हवा आहे. फ्रान्सचा व्हिसा किती दिवसांत मिळतो?

रंकाळा_बॉय

काय ओ एवढं डोकं लावताय. रस्सीखेच लावा की! एक दोर, दोन टोळ्या. खर्च शून्य. आमच्याकडं फौंड्रीत दरवर्षी असतीया. हरलेली टोळी जिंकलेल्यांना तांबडा-पांढरा घालती. भांडणं तिथंच मिटत्यात.

अर्धाकप

रंकाळा, रस्सीखेच १९०० ते १९२० ऑलिंपिकमध्ये पण होती बरं का. पण तिच्यावरचाच एक शोध टीमवाल्यांना फार आवडत नाही. रिंगेलमन म्हणून एक फ्रेंच शेतकी अभियंता होता. एकट्या माणसाने दोर किती जोराने ओढला आणि गटात किती, हे त्याने मोजलं. १९१३ मध्ये ते छापून आलं. गटात जितकी माणसं वाढतात तितका प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. आठ जण झाले की जवळजवळ निम्म्यावर. काही अंशी ओढायचा ताल जुळत नाही म्हणून, आणि काही अंशी 'बाकीचे ओढतायत की' म्हणून.

लिमलेटच्या स्टोअरच्या काकांना झेलायला चौघे होते, आठवतंय ना?

लिमलेट

अरे देवा! हे काकांना सांगते. पट्ट्याला फ्रेंच नाव मिळालं.

रंकाळा_बॉय

निम्म्यावर? तुमच्या फ्रेंच गड्याला आमच्या गावातली आठ माणसं बघायला लावा एकदा.

निवृत्त_नारायण

मी भोसरीत ३४ वर्षं काढली, टूलरूममध्ये. आमच्या वेळी हा शब्द नव्हता. पण गोष्ट होती, ती सांगतो. थोडं लांबेल.

दसऱ्याला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे मशिनची पूजा व्हायची. खरी मजा पूजेत नव्हती, तिच्या आधीच्या चार तासांत होती. जेवणाच्या सुट्टीनंतर उत्पादन बंद. ज्याने त्याने आपलं मशीन पुसायचं. लेथच्या बेडखालची वर्षभराची चीप, म्हणजे धातूची कातरण, काढायची, कूलंटची टाकी उपसायची, केरोसीनमध्ये फडकं बुडवून स्लाइडवेज् चकचकीत करायचे. आणि त्या दिवशी साहेब लोकही अंगरख्याच्या बाह्या वर करून यायचे. आमचे वर्क्स मॅनेजर परदेशात शिकलेले. पण चीप हाताने ओढू नये, हुकाने ओढावी, हे त्यांना एका हेल्परने शिकवलं. हाताला लागल्यावर शिकवलं, ती गोष्ट निराळी. त्यानंतर वर्षभर ते त्या हेल्परला नावाने हाक मारायचे. आधी "अरे ए" म्हणायचे.

पेंटशॉपची पोरं गिअरच्या आकाराची रांगोळी काढायची. झेंडूची तोरणं, मशिनला हळदकुंकू, नारळ, पेढे. संध्याकाळी घरची मंडळी यायची. माझी मुलगी सहा वर्षांची असताना माझ्या जिग बोरिंग मशिनसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे तुमचं?" मी हो म्हणालो. कंपनीच्या मालकाचं होतं खरं तर.

तेव्हा लिमलेटताई, जुलैत जमत नसेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा असं मी तुमच्या साहेबांना सांगेन.

मावळती

काका, "कंपनीच्या मालकाचं होतं खरं तर" हे वाचून थांबले जरा.

गोधडी

+१. काका, लिहीत राहा हो. वेगळा धागा काढा भोसरीवर.

सह्याद्रीचा_उंदीर

कोणीतरी ट्रेक सुचवायच्या आत सांगून टाकतो: जुलैत ५८ माणसं घेऊन गडावर जाऊ नका. मी स्वतः लोकांना डोंगरात नेतो, तरी सांगतोय. पावसाळी शनिवार-रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर जी गर्दी असते, तिच्यात टीम बांधली जात नाही, हरवते. निसरडा दगड, धुकं आणि नवीन बूट घालून आलेले अकाउंट्सवाले, हे मिश्रण वाईट. सातवा महिना आणि पायाचा त्रास असलेली माणसं तर आपोआप बाहेर पडली. मग ती टीम कसली?

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग झकास होतं. होडीत सात-आठ जण, सगळ्यांनी एका तालात वल्हं मारलं तरच नाव सरळ जाते. पण पाणी वरच्या वीजप्रकल्पातून सकाळी सोडतात त्यावर सगळा खेळ. म्हणजे चाकणहून रात्रीच निघा. तुमचा अर्धा दिवस ताम्हिणीतच संपेल.

चिंचबोर

कबुलीजबाब देतो. मी सहा वर्षं तो कानाला माइक लावलेला मुलगा होतो.

(लिमलेट, तुमच्याकडे आलेला मी नव्हे. शपथ.)

मागे पडण्याचा खेळ मी दुसऱ्याच वर्षी बंद केला. विश्वास काय एका दुपारी पाठीवर पडून येतो? उलट न झेलल्याचं माणूस जन्मभर विसरत नाही. निखाऱ्यांवरून चालण्याचा प्रकार तर कधी केलाच नाही. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ एका कंपनीच्या अशाच कार्यक्रमात २५ जण भाजले होते, तेरा जणांना दवाखान्यात न्यावं लागलं.

प्रशिक्षणात आम्हाला टकमनचा १९६५ चा सिद्धांत पाठ करायला लावायचे: गट आधी जमतो, मग भांडतो, मग त्याचे नियम बसतात, मग तो काम करू लागतो. कंपन्यांना दुसरी पायरी वगळून चौथीवर जायचं असतं, तेही जेवणाआधी. मी पैसे घेऊन "हो हो, होईल" म्हणायचो.

एवढ्या वर्षांत माझ्या लक्षात आलेली गोष्ट नारायणकाकांनी एका वाक्यात सांगितली. साहेबाला जे येत नाही ते शिपायाला येतंय, असा खेळ निवडला की गाडी चालते. वक्तृत्व, प्रेझेंटेशन, इंग्रजी कोडी असले खेळ घेतले की ऑफिसात जे जिंकतात तेच इथेही जिंकतात. बाकीचे टाळ्या वाजवतात आणि घड्याळ बघतात.

आता लिमलेटला एक प्रश्न. तुमच्याकडे खरं दुखणं काय आहे? साहेबांना हे आत्ताच का सुचलं?

ड्युसेलडॉर्फकर

इथे जर्मनीत वर्षातून एकदा सगळ्या ऑफिसची सहल निघते. तीही कामाच्या दिवशी, कामाच्या तासांत! करखात्याचा नियमही आहे: वर्षातून दोन कार्यक्रमांपर्यंत, माणशी ११० युरो खर्चावर कर्मचाऱ्याला कर नाही. त्यामुळे सहलीचा हिशेब बरोबर १०९ युरोवर येऊन थांबतो. खेळबीळ काही नाही. दहा किलोमीटर जंगलातून चालायचं आणि शेवटी बटाट्याची कोशिंबीर खायची. पहिल्या वर्षी वाटलं, हे काय! पण चालताना माणूस बोलतो. समोरासमोर टेबलावर बसून बोलत नाही तेवढं शेजारी शेजारी चालताना बोलतो.

अर्धाकप

अगदी हेच वारीत होतं. दरवर्षी आयटी दिंडीबरोबर आळंदी ते पुणे चालतो. कोणी सक्ती करत नाही, कोणी फोटोची हजेरी घेत नाही. दुपारनंतर पाय बोलायला लागले की हुद्दे गळून पडतात. आमच्या डायरेक्टरच्या पायाला फोड आले तेव्हा एका मावशींनी खोबरेल तेल लावून दिलं आणि "नवीन दिसतोयस" म्हणाल्या.

माणदेशी_मका

२०१८ च्या १ मे ला पाणी फाउंडेशनच्या महाश्रमदानाला पुण्यातल्या आमच्या कंपनीतून २६ जण माझ्याच तालुक्यात गेलो होतो. उतारावर पाणी अडवायला सलग समतल चर खणायचे होते. सकाळी सहा वाजता टिकाव हातात. साडेसहाला सगळ्यांचे तळवे सोलले. गावातली एक आजी आली आणि आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला म्हणाली, "लेकरा, टिकाव मारायचा नस्तुया, सोडायचा अस्तुया. त्योच पडतुया." मग तिने आम्हाला घमेली हातोहात द्यायची साखळी लावून दिली. कुणी कुठं उभं राहायचं तेही तिनेच ठरवलं. दोन तासांत जेवढं खणलं, तेवढं तिथल्या चार माणसांनी अर्ध्या तासात केलं असतं. पण माती उचलताना शेजारचा कोण आणि कुठल्या हुद्द्याचा, हे कुणी बघत नाही.

आगाऊ_कार्टा

थोडक्यात, फुकट मजूर. साहेब खूश. (ह. घ्या.)

माणदेशी_मका

घेतलं हलकेच. पण आपल्या तळव्यांना फोड आले की मग बोलू.

लिमलेट (७ जुलै)

चिंचबोर, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करत होते. लिहू का नको, करत लिहिते.

दुखणं आहे. आमचं प्लॅनिंग आणि स्टोअर एकमेकांशी बोलत नाहीत. मार्चमध्ये एक पार्ट 'स्टॉकमध्ये आहे' असं सिस्टीम सांगत होती आणि स्टोअर म्हणत होतं, नाही. लाइन चार तास थांबली. नंतर तो पार्ट स्टोअरमध्येच दुसऱ्या बिनमध्ये, म्हणजे दुसऱ्या खणात, सापडला. प्लॅनिंगवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "यांना डोळे नाहीत." तेव्हापासून दोघांत फक्त ईमेल. वीस फुटांवर बसतात आणि साहेबांना कॉपीत ठेवून ईमेल पाठवतात. साहेब वैतागले. म्हणून टीम बिल्डिंग.

चिंचबोर

आता कळलं. मग रिसॉर्ट, बस, टी-शर्ट सगळं विसरा. कंपनीतच करा.

प्लॅनिंगवाल्यांना पाच पार्टांची यादी द्या आणि स्टोअरमध्ये सोडा. दहा मिनिटांत शोधून आणा. तिकडे स्टोअरवाल्यांना पुढच्या आठवड्याच्या ऑर्डरी द्या आणि म्हणा, प्लॅन बसवा. मध्येच एक ऑर्डर 'तातडीची' म्हणून घुसवा. ओरडायला मी येत नाही, तुमचे तुम्हीच ओरडा.

निवृत्त_नारायण

उत्तम कल्पना. एक सूचना. सेफ्टी शूज घातल्याशिवाय ऑफिसच्या कुणाला आत सोडू नका, आणि मशिनला हात लावायचा खेळ मुळीच ठेवू नका. वरच्या रॅकवरचं काही यादीत नको. शिडीवर हौशी माणूस चढला की मला घाम फुटतो.

मावळती

आणि ज्याने "डोळे नाहीत" म्हटलं त्याची सगळ्यांसमोर फजिती करायचा हेतू नको. तो हरला तर स्टोअरवाले टोमणे मारतील, म्हणजे दुसरा मार्च. गट मिसळून कर. प्रत्येक गटात एक स्टोअरचा माणूस ठेव, पण त्याला बोलायची बंदी. फक्त मानेने हो-नाही.

लिमलेट

अगं मावळती, हे भारी आहे! आणि नारायणकाका, शूजचं लिहून घेतलं. आता बाकी सगळ्यांसाठी एक मैदानी खेळ हवा. गेटच्या आत सिमेंटचं पटांगण आहे, वर शेड अर्धीच.

रंकाळा_बॉय

रस्सीखेच.

लिमलेट

रंकाळा, तुझी चिकाटी बघून तुलाच नोकरीवर घ्यावं असं वाटतंय.

कोकणची_पोफळी

लगोरी! नेम चुकला तरी हसायला येतं, कुणाला सराव लागत नाही, आणि चेंडू कापडाचा केला की लागत नाही. खो-खो नको, सिमेंटवर गुडघे फुटतील. शिवाय जानेवारी २०२५ च्या विश्वचषकात पुरुष आणि महिला दोन्ही सुवर्णं भारताने घेतल्यापासून आमच्याकडे प्रत्येक जण स्वतःला तज्ज्ञ समजतो. आट्यापाट्यांना बाजूला नऊ-नऊ जण लागतात आणि नियम समजावण्यात चहाची वेळ होते.

सह्याद्रीचा_उंदीर

लगोरीला सातच दगड हवेत. आजकाल पाच घेतात.

कोकणची_पोफळी

आमच्याकडे नऊ.

सह्याद्रीचा_उंदीर

नऊ? मग ते मंदिर झालं.

गोधडी

धाग्याचं काश्मीर होण्याआधी: अंताक्षरी आणि हाऊजी कुणीच कशी सुचवली नाही?

मावळती

हाऊजीत टीम कुठे असते? प्रत्येक जण आपल्या कागदात डोकं घालून. पण एक खरं, हाऊजीत आजवर कुणाची कंबर गेली नाही. पायाचा त्रास असलेल्यांसाठी, सातव्या महिन्यासाठी, आणि ज्यांना नुसतं बसायचंय त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही. आकडे पुकारणं हीसुद्धा कलाच आहे.

मांडवा_जेट्टी

मी अलिबागचा, उशिरा आलो. लिमलेट, यंदा नाही तर पुढच्या हिवाळ्यात पोपटी करा. याहून चांगलं काही नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी वालाच्या शेंगा येतात तेव्हाच. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, हवं तर केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, जाडं मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती गवत, पाचोळा, काटक्या रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तास. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्रकन उडालं की झालं.

या अर्ध्या-पाऊण तासाची खरी किंमत आहे. करण्यासारखं काही नसतं. सगळे जाळाभोवती उभे. कुणी शेंगा जास्त भरल्या यावर वाद. आमच्या बँकेच्या शाखेत दोन माणसं तीन वर्षं एकमेकांना 'गुड मॉर्निंग' म्हणत नव्हती. मडकं फुटलं तेव्हा दोघांनी मिळून आगीतून बटाटे काढले. मैत्री वगैरे झाली नाही हो, पण 'गुड मॉर्निंग' सुरू झालं.

गोधडी

मी पोपटीसाठी धर्मही बदलेन.

आगाऊ_कार्टा

आमच्याकडे हुरडा पार्टीला नेलं होतं. तीनशे जण आणि एक आगटी. माझ्या वाट्याला एकवीस दाणे आले, मोजून. शेंगदाण्याची चटणी मात्र मुबलक. संध्याकाळी 'पर्यायी व्यवस्था' होती, त्यात मॅनेजर रडला आणि सगळ्यांना प्रमोशन जाहीर केलं. सोमवारी म्हणाला, मी असं म्हटलंच नव्हतं.

चिंचबोर

दारूवर माझा एकच नियम होता: कंपनीच्या पैशाने नाही. पिणारे नंतर आपापलं बघतात, न पिणाऱ्यांना आठला घरी जाता येतं.

लिमलेट (२६ जुलै)

वृत्तान्त.

झालं काल. दुपारी साडेबारा ते पाच, पहिली शिफ्ट आणि ऑफिस. दुसऱ्या शिफ्टचे लोक लवकर आले, त्यांना ते तास ओव्हरटाइममध्ये लावून दिले. त्यासाठी साहेबांशी एक वेगळीच टीम बिल्डिंग करावी लागली. जेवणाला मिसळ-पाव, जिलबी आणि ताक.

आधी लगोरी. दगडांऐवजी क्वालिटीने नाकारलेले सात फ्लँज, म्हणजे गोल चकत्या, घेतले, मोठ्यापासून लहानापर्यंत. ही कल्पना आमच्या ट्रेनीची. पहिल्या नेमात साहेब आऊट. त्यांचा चेंडू शेडवर गेला, तो काढायला वीस मिनिटं आणि तेवढ्यात पाऊस. पण पाऊस थांबल्यावर सीएनसीवरचे ५७ वर्षांचे काका आले, चपला काढल्या, डोळा बारीक केला आणि लांबून एका नेमात सातही उडवले. सगळं पटांगण ओरडलं. "आमच्याकडं दगडानं चिंचा पाडायचो," एवढंच म्हणाले. आज दिवसभर तीन वेगवेगळ्या लोकांनी त्यांना नेम शिकवा म्हणून गाठलंय.

मग पार्ट शोधणं, मावळतीच्या नियमाने. पाच गट, पाच पार्ट, दहा मिनिटं. सगळ्यात चांगल्या गटाला तीन सापडले. प्लॅनिंगवाल्याच्या गटाला दोन. त्याच्या गटात मान हलवायला कमरेच्या पट्ट्याचे आपले काका होते. तो एका बिनसमोर उभा राहून म्हणाला, "हाच आहे, लेबल बघा." काकांनी मान नाही अशी हलवली. लेबल खरंच तेच होतं, आत पार्ट दुसरा. तिथेच कळलं की दोन वेगळ्या पार्टांचे नंबर शेवटचा आकडा सोडून सारखे आहेत आणि लेबलवर शेवटचा आकडा छापायला जागाच नाही. कापला जातो. मार्चमधला घोळ तोच! कुणाला डोळे नव्हते असं नाही. लेबलला जागा नव्हती.

उलट बाजूला स्टोअरवाल्यांनी तातडीची ऑर्डर आल्यावर सरळ सांगितलं, "हे होणार नाही, ग्राहकाला फोन लावा." प्लॅनिंगची मुलगी म्हणाली, हे वाक्य मला रोज म्हणायचं असतं.

जे फसलं तेही सांगते. हाऊजीच्या कोपऱ्यात बारा जण अपेक्षित होते, एकतीस आले, कुपनं पुरली नाहीत. दोघांनी भाग घेतला नाही, त्यांना मी काही विचारलं नाही, पण एका सुपरवायझरने विचारलंच. त्याच्याशी बोलले. पायाचा त्रास असलेले म्हणाले, गुण लिहायला बसवलं ते बरं, पण पुढच्या वेळी एक फेरी बसून नेम मारायची ठेवा. हे मला सुचायला हवं होतं.

आणि नाही, प्लॅनिंग आणि स्टोअर गळ्यात गळे घालून फिरत नाहीयेत. आज सकाळी प्लॅनिंगवाल्याने स्टोअरला फोन केला. ईमेल नाही, फोन. विषय होता लेबलचा नवीन आकार. दोन मिनिटं बोलले, आवाज चढलेलाच होता.

निवृत्त_नारायण

शाबास! ते फ्लँज स्क्रॅपला देऊ नका, खंडेनवमीला पूजेत मांडा.

चिंचबोर

लेबल! माझ्या सहा वर्षांत एकाही खेळातून लेबल सापडलं नाही. फी तुम्हाला पाठवून द्यावी म्हणतो.

सह्याद्रीचा_उंदीर

सात. सातच फ्लँज होते, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

कोकणची_पोफळी

नऊ असते तर त्या काकांनी नऊही पाडले असते.

रंकाळा_बॉय

रस्सीखेच राहिलीच.

आगाऊ_कार्टा

साहेब आऊट झाल्याचा व्हिडिओ?

लिमलेट

डिलीट करायला सांगितलाय. ५८ जणांनी "केला" म्हणून सांगितलंय.

गोधडी

सगळं ठीक, पण मिसळ कुठली होती ते सांगितलंच नाहीस.

लिमलेट

गेटसमोरच्या गाडीवरची. काकूंनी आधी विचारलं, "साहेब लोकं पण खाणार का? मग तर्री वेगळी काढते." मी म्हटलं, नका काढू.